तळटिपेतलं उपनगर

मोटारगाडीची सरकारदरबारी नोंद भरपूर होते. आरसी बुकात इंजिन नंबर असतो, चासी नंबर असतो, रंग, वजन, बसायच्या जागा आणि कर्ज असेल तर बँकेचं नावही असतं. गाडी विकायची तर फॉर्म 29 आणि फॉर्म 30 भरावे लागतात. गाडी अंधेरीची एमएच-02 असो की बोरिवलीची एमएच-47, यांपैकी एकाही कागदात ती आजवर किती किलोमीटर चालली याला रकाना नाही. मग इंजिन ऑइल शेवटचं कधी बदललं, हे कोण विचारणार?

म्हणून ‘ऑइल कधी बदलायचं’ या प्रश्नाचा मुंबईच्या उपनगरांपुरता इतिहास आडवाटेनंच काढावा लागतो. गाडीसोबत येणाऱ्या पुस्तिका, तेलाच्या दर्जाचे तक्ते, न्यायालयाचे आदेश, प्रदूषण मंडळाचा अहवाल आणि परदेशातल्या दोन-तीन चाचण्या ही त्याची साधनं. प्रश्न वरवर किरकोळ आहे. पण घाटकोपरच्या गॅरेजमधला मेस्त्री सांगतो ‘पाच हजारांना बदला’ आणि मुलुंडच्या शोरूममधला माणूस सांगतो ‘दहा हजार किंवा एक वर्ष’. एकाच इंजिनाबद्दल हे दोघं दुपटीच्या फरकानं बोलतात, आणि माझ्या मते दोघांपैकी कोणीही खोटं बोलत नाही. दोघांनी वेगवेगळ्या काळातले कागद पाठ केलेत, एवढंच.

हाताशी असलेल्या जुन्या छापील आकड्यांपैकी एक फोर्डच्या मॉडेल टी गाडीचा आहे. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे छापलेल्या तिच्या पुस्तिकेत सूचना आहे की नवी गाडी चारशे मैल चालली की इंजिनातलं मळकं तेल काढून टाकावं आणि नंतर दर साडेसातशे मैलांनी तेच करत राहावं. साडेसातशे मैल म्हणजे सुमारे 1,200 किलोमीटर. बोरिवलीहून नरीमन पॉइंटला रोज गाडीनं ये-जा करणाऱ्याला या हिशेबानं पंधरवड्याला ऑइल बदलावं लागलं असतं.

इतकी घाई कशासाठी, याचं उत्तर त्या काळच्या तेलात आहे. एसएई या अमेरिकी संस्थेनं इंजिन तेलांची पहिली प्रतवारी केली ती 1911 साली, आणि ती फक्त दाटपणाची होती. तेल काजळी धरून ठेवतं का, आम्ल मारतं का, झीज थांबवतं का, याबद्दल त्या प्रतवारीत अवाक्षर नव्हतं. असायचं कारणही नव्हतं, कारण तेलात औषधं, म्हणजे अ‍ॅडिटिव्ह, घालायची रीत तेव्हा पडलेली नव्हती. मॉडेल टीला ऑइल फिल्टर नव्हता. रस्ते धुळीचे, तेल साधं गाळलेलं आणि घाण अडवायला मध्ये काहीच नाही. अशा वेळी तेल काढून फेकणं हाच फिल्टर.

मुंबईत जनरल मोटर्सनं शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली ती 1928 मध्ये. आज ज्याला आपण उपनगर म्हणतो ते तेव्हा साष्टीतल्या गावांचं, वाड्यांचं आणि मिठागरांचं होतं. महापालिकेची हद्द 1950 मध्ये जोगेश्वरी-भांडुपपर्यंत सरकली आणि 1957 मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत. शहराची हद्द उत्तरेकडे सरकत होती त्याच वर्षांत शहराची स्वतःची गाडीही उपनगरातच तयार व्हायला लागली.

वालचंद हिराचंदांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स 1944 साली काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून 1947 मध्ये वाहनं बाहेर पडू लागली, 1951 पासून फियाट आली. 1954 नंतरच्या गोलमटोल फियाटला लोकांनी ‘डुक्कर फियाट’ म्हटलं, 1964 ची ती ‘डिलाइट’, आणि सत्तरच्या दशकात तीच नाव बदलून ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. नावं बदलली, पत्रा बदलला. 1089 सीसीचं चार सिलिंडरांचं इंजिन बहुतांश काळ तेच राहिलं. कारखाना गेला, पण कुर्ला आणि विद्याविहारच्या मधला प्रीमियर रोड अजून त्याच नावानं ओळखला जातो.

या गाडीला लागणारं तेल तरी किती लांबून यायचं? माहूलला 1954 मध्ये स्टॅनव्हॅकची रिफायनरी सुरू झाली आणि 1955 मध्ये बर्मा शेलची. 1969 मध्ये तिथेच लूब इंडियाचा खास वंगण तेलाचा प्रकल्प आला. पुढे 1974 मध्ये एस्सो, म्हणजे पूर्वीची स्टॅनव्हॅक, आणि लूब इंडिया मिळून हिंदुस्थान पेट्रोलियम झालं, 1976 मध्ये बर्मा शेल सरकारकडे आली आणि तिचं भारत पेट्रोलियम झालं. म्हणजे सत्तरच्या दशकात गाडी कुर्ल्याची आणि तेल चेंबूरपलीकडच्या माहूलचं, असा सगळा मामला काही किलोमीटरांत आटपत होता. उपनगरी मोटारीच्या इतिहासात ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही, पण मला ती महत्त्वाची वाटते. गाडी, तेल आणि रस्ता तिन्ही एकाच जिल्ह्यातले असताना ऑइल बदलीचा आकडा मात्र बाहेरून आलेल्या कागदावरचा होता.

त्या इंजिनात तेलाचे हाल का व्हायचे, ते गाडीच्या रचनेतूनच कळतं. सकाळी चोक ओढून गाडी सुरू करायची. चोक ओढला की कार्बोरेटरमधून जास्तीचं कच्चं पेट्रोल सिलिंडरमध्ये जातं. त्यातलं थोडं जळत नाही. भिंतीवरून ओघळून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळातल्या तेलाच्या टाकीत, उतरतं आणि तेल पातळ करतं. पेट्रोलमध्ये तेव्हा शिसं असायचं, आणि शिसं सिलिंडरमध्ये साचू नये म्हणून ब्रोमिन-क्लोरिनची संयुगंही घातलेली असायची. त्यांच्या ज्वलनातून आम्लं तयार होतात, तीही रिंगांच्या फटीतून खालीच जातात. तेलातली अल्कली ही आम्लं मारण्यात खर्च होते. ती संपली की बेअरिंगांना खाज सुटते, म्हणजे आम्लं त्यांचा धातू खात जातात.

आणि गाडी फेकून द्यायची सोय नव्हती. नव्या फियाटसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे. हाती आलेलं इंजिन पुन्हा पुन्हा बांधायचं, बोअर करायचं, पिस्टन बदलायचे आणि ते जगवायचं. अशा अर्थव्यवस्थेत ऑइल हा सगळ्यांत स्वस्त विमा होता. मेस्त्रीचा ‘पाच हजार’ हा आकडा अडाणीपणातून आलेला नाही. चोक, शिसं, साधं तेल आणि न मिळणारी नवी गाडी यांच्या बेरजेतून तो आला आहे.

दर्जाच्या तक्त्यांकडे वळलं की गोष्ट आणखी उलगडते. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटनं, म्हणजे एपीआयनं, 1952 मध्ये पेट्रोल इंजिनाच्या तेलांचे तीन वर्ग केले: एमएल, एमएम आणि एमएस. शेवटची अक्षरं कामाचा भार सांगत. एल हलका, एम मध्यम, एस कठीण. वर्गीकरण तेलाचं असलं तरी मोजमाप वापराचं होतं, हे इथे नीट पाहायला हवं. गाडी कुठली यापेक्षा ती कशी चालते हे त्या कागदाला विचारायचं होतं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत गेली आणि एसए, एसबी, एससी अशी वर चढत जाणारी शिडी आली. 1980 मध्ये एसएफ, मग एसजी, एसएच, 1996 मध्ये एसजे, 2001 मध्ये एसएल, 2004 मध्ये एसएम, 2010 मध्ये एसएन आणि 2020 मध्ये एसपी. डब्यावरचं दुसरं अक्षर जितकं पुढचं तितकं तेल नवं. मात्र या शिडीत ‘हलकं काम, कठीण काम’ हा भेद डब्यावरून नाहीसा झाला आणि गाडीच्या पुस्तिकेत शेवटच्या पानांकडे सरकला. तो तिथेच अजून आहे, त्याकडे पुढे येऊ.

दरम्यान उपनगरात एक असं वाहन धावत होतं ज्याला हा प्रश्नच लागू नव्हता. भांडुपच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियानं लॅम्ब्रेटा स्कूटर बनवली; वांद्रे आणि सायनच्या अलीकडे, म्हणजे फक्त उपनगरात, टू-स्ट्रोक रिक्षा धावली. टू-स्ट्रोक इंजिनात तेल पेट्रोलमध्ये मिसळूनच घालायचं. ते एकदाच काम करतं आणि जळून सायलेन्सरमधून बाहेर पडतं. बदलायला मागे काही उरतच नाही. एस. व्ही. रोडवरचा निळसर धूर हा त्या काळी लाखो छोट्या ऑइल बदलींचा धूर होता. बदललेलं तेल गटारात न जाता लोकांच्या फुप्फुसात जात होतं.

तो धूर न्यायालयात पोहोचला. ‘स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम’ची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयात 1999 मध्ये दाखल झाली. न्यायालयानं परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि पुढच्या काही वर्षांत जुन्या टॅक्सी-रिक्षा सीएनजीवर गेल्या. त्या आदेशांचा विषय हवा होता, इंजिन ऑइल नव्हतं. तरी ऑइलच्या इतिहासात या आदेशांना मोठी जागा द्यायला हवी. सीएनजी हा वायू आहे, तो भिंतीवरून ओघळून चेंबरमध्ये उतरत नाही, काजळीही कमी धरतो. सीएनजीवरच्या टॅक्सीची डिपस्टिक ओढली तर तेल बरेच दिवस मधासारखं स्वच्छ दिसतं.

दिसतं, हे खरं. पण जुन्या मेस्त्रीची सगळी परीक्षा रंगावर आणि दोन बोटांत घासून बघण्यावर आहे. सीएनजीनं ही परीक्षा मोडीत काढली. वायूच्या ज्वलनात उष्णता जास्त, त्यामुळे नायट्रोजनची संयुगं तेलात शिरतात, तेल हळूहळू दाट होतं, औषध संपतं, आणि रंगावरून काही कळत नाही. डिझेलच्या गाडीत नेमकं उलटं. नवं ऑइल घातल्यावर काही शे किलोमीटरांतच काळंकुट्ट होतं आणि तरी ते उत्तम असतं, कारण काजळी धरून ठेवणं हेच त्याचं काम. काळं ऑइल वाईट आणि स्वच्छ ऑइल चांगलं, हा समज पेट्रोलवरच्या फियाटच्या काळातला आहे. त्या गाडीपुरता तो बऱ्यापैकी खराही होता.

शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा संपून ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांनी तिच्यावर भरभरून लिहिलं. ती कोणतं तेल खात होती, हे कोणी लिहिलं नाही.

आकडा पाच हजारांवरून दहा हजारांवर कसा गेला? पुष्कळजण त्याचं श्रेय नव्या इंजिनांना देतात. कागद मात्र तेलाकडे आणि पेट्रोलकडेही बोट दाखवतात. देशभर शिसंयुक्त पेट्रोल 1 फेब्रुवारी 2000 पासून बंद झालं. चोकची जागा संगणकानं चालणाऱ्या इंजेक्शननं घेतली. गंधकाचं प्रमाण तर पायरीपायरीनं उतरलं: भारत स्टेज दोनमध्ये दर दहा लाख भागांत 500, मुंबईत 2010 पासून लागू झालेल्या भारत स्टेज चारमध्ये 50, आणि 2020 च्या भारत स्टेज सहामध्ये 10. आम्ल तयार करणारा कच्चा मालच संपत आला. दुसरीकडे तेलाचा बाजार नव्वदच्या दशकात खुला झाला. कॅस्ट्रॉल 1979 पासून इंड्रोल या नावानं होती, 1990 मध्ये तिनं कॅस्ट्रॉल इंडिया हे नाव घेतलं. तिचं मुख्य कार्यालय आज अंधेरी पूर्वेला आहे, आणि गल्फ ऑइलचंही. कुर्ल्यात आता गाडी बनत नाही, पण उपनगरात तेलाचे निर्णय होतात.

याच काळात तेल पातळही होत गेलं. फियाटला 20डब्ल्यू-40 किंवा त्याहून दाट तेल चाले. मारुतीच्या अलीकडच्या के-सिरीज इंजिनांना 0डब्ल्यू-16 लागतं. 16 हा दर्जा एसएईच्या तक्त्यात 2013 मध्ये पहिल्यांदा आला. ‘मुंबईच्या उकाड्यात पातळ तेल टिकणार नाही, जरा जाड घाला’ हा सल्ला अजूनही ऐकू येतो. इंजिनाच्या आतलं तापमान बाहेरच्या हवेवर फारसं ठरत नाही, आणि नव्या इंजिनातल्या फटी त्या पातळ तेलाच्याच मापानं ठेवलेल्या असतात. इथे मी पुस्तिकेच्या बाजूनं आहे, मेस्त्रीच्या नाही.

आता त्या शेवटच्या पानांकडे. मारुती, ह्युंदाई, होंडा यांच्या आजच्या पेट्रोल गाड्यांना साधारण दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांतलं जे आधी येईल ते, असा नियम आहे. फोक्सवॅगन आणि स्कोडा पंधरा हजारांपर्यंत जातात. हा मोठ्या अक्षरातला आकडा. त्याखाली किंवा पुढच्या पानावर ‘कठीण वापरा’ची यादी असते. ह्युंदाईच्या यादीतल्या काही अटी अशा: नेहमीच्या तापमानात वारंवार 8 किलोमीटरपेक्षा कमी अंतराच्या फेऱ्या, बराच वेळ इंजिन चालू ठेवून उभं राहणं, 32 अंशांपेक्षा जास्त तापमानात गर्दीच्या रस्त्यावर गाडी चालवणं. यांपैकी काही लागू असेल तर ऑइल लवकर बदला, बऱ्याचदा निम्म्या अंतरात.

ही यादी घेऊन उपनगरात फिरावं. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो 8 जून 2014 रोजी सुरू झाली; समुद्रापासून पूर्वेच्या रेल्वेपर्यंत उपनगराची आडवी रुंदी कापणारी ही पूर्ण मार्गिका 11.4 किलोमीटरची आहे. म्हणजे उपनगरातली बहुतेक घरगुती फेरी, स्टेशन, शाळा, बाजार, डॉक्टर, 8 किलोमीटरच्या आतच बसते. सांताक्रूझ वेधशाळेचं सरासरी कमाल तापमान मार्च ते मे आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरात 32 अंशांच्या वर असतं. आणि गर्दीचं म्हणाल तर टॉमटॉमच्या 2018 च्या वाहतूक निर्देशांकात मुंबई जगात पहिली होती: मोकळ्या रस्त्यावर लागणाऱ्या वेळेपेक्षा सरासरी 65 टक्के जास्त वेळ. तिन्ही अटी एकदम लागू. पुस्तिकेचं मुख्य वाक्य ज्या गाडीसाठी लिहिलं आहे ती गाडी अंधेरीत, मुलुंडमध्ये फारशी भेटतच नाही. उपनगर राहतं ते तळटिपेत.

किलोमीटर हे माप इथे का फसतं, ते साध्या आकडेमोडीतून दिसतं. मोकळ्या महामार्गावर गाडी ताशी 60 किलोमीटरनं, मिनिटाला 2,000 फेऱ्यांवर चालली तर दर किलोमीटरला इंजिन 2,000 वेळा फिरतं. तीच गाडी अंधेरी-कुर्ला रोडवर ताशी 15 च्या वेगानं, सरासरी 1,300 फेऱ्यांवर रांगली तर किलोमीटरमागे 5,200 वेळा फिरते. दहा हजार किलोमीटरला पहिल्या गाडीचं इंजिन 2 कोटी वेळा फिरलं, दुसरीचं 5.2 कोटी वेळा. डॅशबोर्डवर दोघींचा आकडा सारखाच.

फेऱ्या मोजायची ही कल्पना जुनी आहे. जनरल मोटर्सच्या शर्ली श्वार्ट्झ आणि डॉनल्ड स्मोलेन्स्की यांनी 1987 मध्ये ऑइल बदलीची वेळ सांगणाऱ्या यंत्रणेवर निबंध लिहिला आणि पुढच्याच वर्षी ती ओल्ड्समोबिल गाडीत बसली. ती अंतर मोजतच नव्हती; इंजिनाच्या फेऱ्या आणि तेलाचं तापमान बघत होती. तेल फार गार असतानाच्या फेऱ्या आणि फार तापलेलं असतानाच्या फेऱ्या आयुष्य जास्त खातात असं तिचं गणित होतं. तेलाच्या दर्जाच्या चाचण्यांतही किलोमीटर नसतात. गाळ धरण्याची परीक्षा घेणारी ‘सिक्वेन्स फाइव्ह-जी’ चाचणी 216 तास चालायची, आणि तिचा ताळा टॅक्सी, पोलिसांच्या गाड्या आणि माल पोहोचवणाऱ्या व्हॅनच्या प्रत्यक्ष अनुभवाशी लावलेला होता. कारखान्यातले लोक तासांत आणि फेऱ्यांत विचार करत होते; किलोमीटर आले ते गिऱ्हाइकाला दिसणारं एकच मीटर गाडीत होतं म्हणून.

इथवरच्या कागदांवरून निकाल द्यायला हरकत नव्हती: उपनगरात ऑइल निम्म्या अंतरात बदला, मेस्त्रीचं बरोबर. पण एक कागद आडवा येतो. ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या अमेरिकी मासिकानं 1996 मध्ये न्यूयॉर्कच्या 75 टॅक्सींवर केलेली चाचणी छापली. इंजिनं नव्यानं बांधून घेतलेली, प्रत्येक टॅक्सी साठ हजार मैल चालवलेली. काहींचं ऑइल दर तीन हजार मैलांनी बदललं, काहींचं सहा हजारांनी. मग इंजिनं उघडून भाग मोजले. झिजेत लक्षात घेण्याजोगा फरक दिसला नाही. सहा हजार मैल म्हणजे साडेनऊ हजार किलोमीटरहून अधिक, आणि तेही मॅनहॅटनच्या रहदारीत. ‘गर्दी म्हणजे ऑइलचा काळ’ हे गृहीतक या कागदानं हललं.

हा विरोध तापमानानं सुटतो, आणि माझ्या मते या सगळ्या प्रश्नाची गोम तिथेच आहे. टॅक्सी सकाळी सुरू होते आणि शिफ्ट बदलेपर्यंत क्वचितच गार होते. तेल पूर्ण तापलेलं राहतं, त्यात उतरलेलं पाणी आणि पेट्रोल उडून जातं. घरगुती गाडीचं तसं नाही. बोरिवलीच्या सोसायटीतून निघून ती स्टेशनला चार किलोमीटर जाते, तिथे दहा तास उभी राहते, चार किलोमीटर परत येते. डॅशबोर्डवरचा पाण्याचा काटा मध्यावर आला म्हणजे तेल तापलं असं नाही. तेल पाण्याच्या बऱ्याच मागून तापतं. ज्वलनातून तयार झालेली वाफ गार चेंबरमध्ये पाणी होऊन बसते आणि उडायची संधी मिळण्याआधीच इंजिन बंद होतं. मुंबईत कडाक्याची थंडी नाही, त्यामुळे मिनेसोटाइतका हा त्रास इथे होणार नाही, हे मान्य. पण पावसाळ्याच्या चार महिन्यांत ऑइल भरायचं झाकण उघडून पाहिलं तर आतल्या बाजूला पिवळसर मलईचा थर बऱ्याच घरगुती गाड्यांत सापडतो. टॅक्सीत तो सहसा सापडत नाही. 2025 पर्यंत पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल वीस टक्क्यांपर्यंत गेलं आहे. इथेनॉलला पाणी प्रिय, तेव्हा छोट्या फेऱ्यांच्या गाडीत हा मुद्दा पूर्वीपेक्षा जड होतो.

म्हणजे ज्या गाडीची आपण कीव करतो ती दिवसभर राबणारी टॅक्सी तेलाच्या दृष्टीनं सुखी, आणि कव्हर घालून जपलेली गाडी दुःखी.

26 जुलै 2005 ला मात्र सगळ्यांचे आकडे एकदमच निकालात निघाले. त्या दिवशी 24 तासांत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्याला जेमतेम 74. शहर आणि उपनगर यांच्यातला फरक एखाद्या कागदावर इतक्या स्पष्ट आकड्यांत क्वचितच सापडेल. कुर्ला, कलिना, साकीनाका भागांत बुडालेल्या गाड्यांच्या चेंबरमध्ये पाणी शिरलं आणि तेलाचा दुधाळ चहा झाला. असं इंजिन एका ऑइल बदलीत सुटत नाही. स्वस्त तेल घालायचं, थोडा वेळ चालवायचं, काढायचं, पुन्हा घालायचं, दुधाळपणा जाईपर्यंत. आणि सिलिंडरमधलं पाणी काढण्याआधी चाचणीसाठीदेखील चावी फिरवायची नाही, कारण सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

काढलेलं तेल कुठे जातं, हा या इतिहासाचा सगळ्यात मळका कागद. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळासाठी 2004 मध्ये मिठी नदीच्या प्रदूषणाचा अहवाल तयार झाला. नदीकाठचे भंगारवाले, तेलाची पिंपं धुण्याचे धंदे, वाहनांची कामं हे सगळं त्यात येतं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून चालत गेलेल्या माणसाला तो अहवाल वाचायची गरज नाही. ‘ऑइल वारंवार बदलणं गाडीसाठी कधीच वाईट नसतं’ असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब धरलेला नसतो. वापरलेलं तेल 1989 च्या नियमांपासून घातक कचऱ्यात मोडतं. सप्टेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारनं या नियमांत दुरुस्ती केली आणि 1 एप्रिल 2024 पासून तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर विकलेल्या तेलाचा वाढता हिस्सा गोळा करून पुन्हा शुद्ध करवून घेण्याची जबाबदारी टाकली. बदललेल्या ऑइलचा हिशेब सरकारनं मागायला सुरुवात केली ती अशी, गाडीच्या नव्हे तर टनांच्या मापानं. त्याआधी 1987 चा वंगण तेलांचा नियंत्रण आदेश होता, पण त्याला काळजी होती ती तेल कोण बनवतो आणि विकतो याची. जुनं तेल गाळून नव्या डब्यात भरायचा धंदा तेव्हाही होता. रिकामा डबा फेकण्याआधी त्याला भोक पाडायची सवय शहाण्या गिऱ्हाइकांना लागली ती त्यामुळेच.

या कागदांवरून मुलुंडच्या एखाद्या इमारतीतल्या तीन गाड्यांचा निर्णय करायचा झाला तर तो असा होईल. पहिली रोज दीडशे-दोनशे किलोमीटर फिरणारी सीएनजी टॅक्सी: पुस्तिकेतला किलोमीटरचा आकडा पाळायचा, तो वर्षभरात अनेकदा येतो, आणि रंग बघून तो पुढे ढकलायचा नाही. दुसरी ऐरोली किंवा पवईला रोज तासभर रांगत जाणारी गाडी: इंजिन तापतं, पण किलोमीटरमागे फेऱ्या जास्त, हिला तळटिपेचा, म्हणजे निम्मा आकडा. अशा गाडीसाठी मेस्त्रीचा पाच हजार आणि कंपनीची तळटीप एकाच जागी येतात, हे गमतीचं आहे. तिसरी फक्त स्टेशन, शाळा आणि रविवारची. हिचे वर्षाला तीन हजारही होत नाहीत, म्हणून मालक दोन-दोन वर्षं ऑइल बदलत नाही आणि ‘गाडी चालतच नाही हो’ असं सांगतो. किलोमीटर विसरून ऑइल वर्षाच्या आत बदलायची गरज याच गाडीला सगळ्यात जास्त आहे. आणि वर्षातून एकदाच बदलायचं असेल तर मेमध्ये कशाला, पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात बदलावं. म्हणजे चार महिन्यांत साचलेलं पाणी तेलासोबत बाहेर पडतं, आणि बिलावर महिना लिहिलेला असला की पुढच्या वर्षी तारीख आठवावी लागत नाही.